हौसाक्काचा थँक्यूचा सण

हौसाक्काला मी आयुष्यात एकदाच 'थँक्यू' म्हटलं, आणि त्याबद्दल जी बोलणी खाल्ली ती पस्तीस वर्षांनीही जशीच्या तशी आठवतात.

आम्ही कोल्हापुरातल्या या गल्लीत नवीन राहायला आलो होतो. माझी शाळेतली नोकरी, यजमान सतत फिरतीवर, आणि त्यात लेकीला गोवर निघाला. समोरच्या घरातली एक उंच, हाडापेरानं मजबूत बाई, ओळख ना पाळख, चार दिवस दोन्ही वेळचा डबा आणून उंबऱ्यात ठेवत होती. पाचव्या दिवशी मी डबा घासूनपुसून, आत चार लाडू घालून परत द्यायला गेले आणि अगदी रीतसर म्हटलं, "थँक्यू हं आक्का. फार उपकार झाले तुमचे."

तिनं डबा घेतला. मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"थँक्यू? मी काय पोस्टमन हाय व्हय गं बाई? थँक्यू परक्या माणसाला म्हणत्यात. म्हटलं की झालं, तू तिकडं आन् मी हिकडं. मला परकीच करायची हुती तर आधी सांगायचं हुतंस, डबाच आणलो नसतो."

वर्गात चाळीस पोरींना एका नजरेत गप्प बसवणारी मी, तिच्या दारात गप्प उभी! दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी वाटीभर खर्डा घेऊन आली आणि म्हणाली, "भाकरी हाय न्हवं घरात?" मी मुकाट्यानं वाटी घेतली. तोंडातनं ब्र काढला नाही. तेव्हापासून आमचं जमलं.

तर अशी ही हौसाक्का. हिनं वयाच्या बहात्तराव्या वर्षी आमच्या गल्लीत अमेरिकेतला थँक्सगिव्हिंगचा सण केला, असं मी सांगितलं तर लोक हसतील. हसू देत. त्या दिवसाचे दोन किलो कांदे मी चिरलेत. गेल्या मार्चमध्ये आक्का गेली. लोक तिच्या रश्श्याबद्दल बोलतात, तिच्या तोंडाळपणाबद्दल बोलतात. त्या शुक्रवारबद्दल बोलायला गल्लीत माझ्याशिवाय कुणी नाही, म्हणून लिहायला बसले.

आक्काची खानावळ होती. पाटी नव्हती, नाव नव्हतं. नवरा उद्यमनगरात एका कारखान्यात होता. लेक विजय तिसरीत असताना नवरा वारला, आणि महिन्याभरात आक्कानं पुढच्या दोन खोल्यांत बसायच्या पट्ट्या अंथरल्या. खेड्यापाड्यांतनं कॉलेजला आलेली मुलं जेवायला यायची. पंचवीस वर्षं तिनं ती चालवली. 'आणखी वाढू का' असं तिनं कधी कुणाला विचारलं नाही. "इचारलं की लाजून न्हाय म्हणत्यात. मी तोंडाकडं बघतच न्हाय, ताटाकडं बघतो," म्हणायची. आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल 'मी बघतो, मी जातो' असंच बोलतात. मी बाईमाणूस, त्यातनं मास्तरीण, पण तिचं वाक्य मी कधी सुधारलं नाही. तेवढी अक्कल मला होती.

ती स्वतः मात्र सगळ्यांचं झाल्यावर ओट्याशी उभ्यानंच जेवायची. "बस की जरा, आक्का," म्हटलं तर उत्तर ठरलेलं: "बसलो की उठणार न्हाय." इतक्या वर्षांत तिला ताटावर बसलेलं मी बघितलं नाही.

एकदा तिच्याकडं जेवून शिकलेला एकजण मोठा साहेब होऊन आला. सरकारी गाडी गल्लीच्या तोंडाला अडकली. शाल, नारळ, पुष्पगुच्छ, फोटो काढायला एक माणूस, असा सगळा थाट. साहेबांनी शाल घातली आणि उभ्याउभ्या भाषण सुरू केलं, आज मी जो काही आहे तो या माउलीमुळं, हे ऋण मी कधी विसरणार नाही वगैरे. डोळे भरले होते बिचाऱ्याचे. आक्कानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "झालं बोलून? जेवून जातोस का तसाच जातोस?" साहेब खाली बसले आणि चार भाकरी खाऊन गेले.

तो गेल्यावर मी म्हटलं, "किती मनापासून बोलत होता तो. जरा गोड बोलायचं होतंस."

"बोलला न्हवं? आता मोकळा झाला," ती म्हणाली. "उपकार बोलून दावायचं नसतंय बाई. बोललं की हलकं हुतंय. जन्मभर अंगावर वागवायचं असतंय ते."

मला त्या वेळी हे फार थोर वाटलं होतं. वहीत लिहूनसुद्धा ठेवलं. त्या बोलण्याच्या आड काय दडलंय, हे कळायला पुढं कितीतरी वर्षं जावी लागली.

तिचं एक वागणं मात्र मला कोड्यात टाकायचं. दरवर्षी सुगी उरकली की आजऱ्याकडनं एसटीनं तिच्या नावानं तांदळाचं पोतं यायचं. घनसाळ तांदूळ, शिजायला लागला की चार घरांत वास. तिचं सासर आजऱ्याजवळच्या खेड्यात. तिथं तिची थोरली जाऊ एकटी राहून शेत करत होती, ती हे पोतं पाठवायची. आणि आक्का काय करायची? पोतं आल्या दिवशीच सगळं वाटून टाकायची. मला पाच किलो, देवळात, शेजारीपाजारी, खानावळीच्या पोरांना एक दिवस भात. स्वतः दुकानातला साधा तांदूळ खायची.

"अगं, असला तांदूळ सोडून हा काय खातेस?" मी एकदा विचारलं.

"मला सोसत न्हाय."

तांदूळ कुणाला सोसत नाही? पण तिचा आवाज असा होता की पुढं विचारायची सोय नव्हती. मी तो तांदूळ तीस वर्षं मजेत खाल्ला.

विजय शिकला, इंजिनियर झाला, अमेरिकेत कॅलिफोर्नियाला गेला. पुण्याच्या प्राचीशी लग्न झालं. तारा आणि नील अशी दोन मुलं. आक्का एकदा सहा महिने तिकडं राहून आली. आल्यावर तिच्या ओसरीवर गल्ली जमली, काय काय बघितलंस सांग म्हणून. तिनं समुद्र सांगितला नाही, मोठे रस्ते सांगितले नाहीत. सांगितलं ते थँक्यूच्या सणाचं.

"एवढं मोठं कोंबडं, बोकडाएवढं! चार तास भट्टीत घातलं. आन् चव? कसली चव न् कसलं काय. मीठ न्हाय, मिरची न्हाय, वरनं गोड जाम लावून खात्यात. मी सुनंला म्हटलं, अगं जीव गेलाय त्येचा, जरा मसाला तरी लावायचा."

सगळे पोट धरून हसले. हसून घरोघर गेले. मी मागं राहिले, तेव्हा तिनं उरलेलं सांगितलं. त्या दिवशी टेबलाभोवती बसून प्रत्येकानं सांगायचं असतं, आपण कुणाचे आभारी आहोत. विजयनं प्राचीचं नाव घेतलं, प्राचीनं विजयचं. धाकट्या नीलनं शेजारच्या कुत्र्याचं घेतलं. मग तारानं विचारलं, आजी, तुझं कोण?

"मी म्हटलं, अंबाबाई. तर पोरगी म्हणती, देव न्हाय चालत आजी. माणूस सांग."

"मग काय सांगितलंस?"

"काय सांगणार? पोरगी बघालीया, लेक बघालाय. म्हटलं, फुडच्या वर्षी सांगतो."

पुढच्या वर्षी व्हिडिओ कॉलवर तारानं आठवणीनं विचारलं. आक्कानं पुन्हा पुढच्या वर्षावर ढकललं. त्याच्या पुढच्या वर्षी दिवाळी झाल्यावर फोन आला, की सुटीला जोडून रजा मिळाली आहे, आम्ही सगळे थँक्सगिव्हिंगला कोल्हापूरलाच येतोय. तारा मागनं ओरडली, "आजी, आता तुझं माणूस तिथंच सांगायचं!"

त्या दिवशी भर दुपारी आक्का माझ्याकडं आली. खुर्चीवर बसली नाही. जमिनीवर बसली, भिंतीला टेकून, आणि मी काही विचारायच्या आत बोलायला लागली.

विजयचा जन्म गावाकडचा. त्याच पंधरवड्यात थोरल्या जावेलाही मुलगी झाली होती. नवरा तेव्हा कोल्हापुरात खोली घेऊन राहत होता. विजय दीड महिन्याचा असताना आक्काला विषमज्वर झाला. अंगातलं दूध आटलं. आणि थोरलीची पोर त्याच्या आठच दिवस आधी दगावली होती. सासूनं विजयला उचलून थोरलीच्या मांडीवर दिलं. अकरा महिने थोरलीनं त्याला अंगावर पाजलं, वाढवलं. आक्का हळूहळू उठून बसली, हिंडायला लागली. पण पोराला तिची सवय राहिली नव्हती.

"एक दिवस पोरगं बोललं, बाई. पहिल्यांदा. 'आई' म्हणालं. थोरलीच्या तोंडाकडं बघून. मी पळत गेलो, हात फुडं केलो, तर माझ्याकडं पाठ केली त्येनं. दुसऱ्या दिशी त्येला उचललो आन् कोल्हापूर गाठलो. दवाखाना जवळ पायजे म्हणून नवऱ्याला सांगितलं. परत त्येला तिकडं ऱ्हायला न्हेलंच न्हाय. थोरलीला दुसरं काय झालं न्हाय. मालक बी गेलं तिचं. ती तांदूळ पाठवतीया आन् मी वाटतोय. माझ्या घशाखाली उतरत न्हाय त्यो."

तीस वर्षं मी तो भात ओरपला होता.

"विजयला माहीत आहे हे?"

"न्हाय."

"मग सांग की. आता येतोच आहे तो."

"आन् त्याच्या मनातनं मी उतरलो तर?" आक्का माझ्यावर ओरडली. मग आवाज खाली आला. "एकच लेक हाय मला. फोनवर दिसतोय तेवढाच. त्यो म्हणाला की माझी आई चोर निघाली, तर मी कुठं जाऊ?"

मी जात्याच जरा खवचट. म्हटलं, "तूच म्हणायचीस ना, उपकार बोलायचे नसतात, वागवायचे असतात?"

"भ्यालेल्या माणसाचं बोलणं हुतं ते," ती म्हणाली, आणि उठून गेली.

शनिवारी मंडळी आली. घर भरलं. आणि रविवारी भांडण उभं राहिलं ते वाराचं. थँक्सगिव्हिंग गुरुवारी असतो. आक्काच्या घरात गुरुवारी मटण? दत्ताचा वार! खानावळीतसुद्धा गुरुवारी अंडं फुटलं नव्हतं. तारा दहा वर्षांची, पण आजीच्याच वळणाची. "सगळ्या लोकांचा गुरुवारीच असतो, आजी. बदलता येत नाही." आजी म्हणाली, "मग गोडाचं करतो. पुरणपोळी खा." नात म्हणाली, "पुरणपोळी म्हणजे थँक्सगिव्हिंग नाही." दोघीही हटेनात. शेवटी विजयनं बोटं मोजून तोड काढली. कोल्हापुरात शुक्रवारी दुपारचे दीड वाजतात तेव्हा कॅलिफोर्नियात गुरुवारचे रात्रीचे बारा वाजतात. म्हणजे शुक्रवारी दीडपर्यंत तिकडं गुरुवारच. आजीचा शुक्रवार, नातीचा गुरुवार! तारानं मोठ्या अक्षरांत 'दीडच्या आत' असं कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं.

त्याच संध्याकाळी आक्का फोन करायला माझ्याकडं आली, घरात कुणी ऐकायला नको म्हणून. थोरलीच्या शेजारच्या पोराचा नंबर तिच्याजवळ होता. त्यानं फोन नेऊन दिला.

"थोरले, मी हौसा. शुक्रवारी सकाळच्या गाडीनं कोल्हापूरला ये. काम हाय. व्हय, कामच हाय." आणि बंद केला.

मी कपाळावर हात मारला. "अगं, जेवायला ये म्हणायचंस!"

"आलं न्हाय तोंडात," ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी सातपासून मी तिच्या स्वयंपाकघरात होते. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं मटण, भाकरीचं पीठ मळलेलं. भात टाकायच्या वेळी आक्का माझ्याजवळ आली. "बाई, गेल्या सालचा घनसाळ उरलाय काय तुझ्याकडं? दोन किलो दे." मी घरी जाऊन डबाच उचलून आणला. तिनं दिलेला तांदूळ तिला परत दिला. तीस वर्षांत तो तांदूळ त्या घरात तिच्यासाठी पहिल्यांदा शिजला.

आजऱ्याची गाडी अकराला यायला हवी होती. बारा वाजले. विजय स्टँडवर जाऊन हात हलवत आला. "कोण येणार आहे एवढं, आई?" "येतंय माणूस," एवढंच उत्तर. एक वाजला. सात ताटं मांडलेली. नील भुकेनं कुरकुरायला लागला. प्राची म्हणाली, "आई, मुलांना तरी वाढूया का?" आक्का दारात उभी, पाठमोरी. वळलीसुद्धा नाही. तारा फोनमधलं घड्याळ बघत होती. "आजी, दहा मिनिटं. आजी, पाच." मला वाटलं, थोरली येत नाही. कशाला येईल? मी असते तर आले नसते.

दीड वाजला. ताराचे डोळे भरले. "संपला. आता तिकडं पण शुक्रवार झाला."

"तुझा संपला, बाळ," आक्का म्हणाली. "माझा अजून सुरू व्हायचाय."

अडीचच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी एक वाकलेली, लहानखुरी म्हातारी दिसली. पायात धुळीनं पांढऱ्या झालेल्या चपला, छातीशी धरलेली प्लॅस्टिकची पिशवी. दारापर्यंत आली आणि बाहेरच थांबली.

"उशीर झाला गं. आजऱ्यात उतारा काढाय थांबलो तर लाईट गेलती." उंबऱ्याबाहेर उभी राहूनच तिनं पिशवीतनं एकेक वस्तू काढायला सुरुवात केली. शेताचा सातबारा, आधार कार्ड, दोन फोटो, आणि शाईचं पॅड. "हितं मिळतंय न मिळतंय, म्हणून पॅड बी आणलो. कुठं अंगठा करायचा सांग. पोरगं आलंय म्हणून कळलं. त्याच्या नावावर करायचं आसंल न्हवं? करा. माझ्यामागं तरी कोण हाय? साडेचारच्या गाडीनं जातो परत."

कुणाला काही कळेना. मला कळलं. पंचेचाळीस वर्षांनी हौसानं बोलावलं, काम हाय म्हणाली, तर काम एकच असणार, जमीन. आणि ही बाई भांडायला नव्हती आली. सगळं काढून द्यायला आली होती, शाईसकट.

आक्का उंबऱ्याबाहेर गेली. तिनं ती पिशवी घेतली, माझ्या हातात दिली आणि थोरलीचा दंड धरून तिला आत आणलं. पहिल्या ताटावर बसवलं.

"जेवायला बोलावलंय तुला."

"जेवायला?" थोरलीनं सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं. "कोण गेलं?"

आक्कानं सगळ्यांना वाढलं आणि मग थोरलीच्या समोर स्वतः मांडी घालून खाली बसली. मी पिशवी पोटाशी धरून तशीच.

"विजू," आक्का म्हणाली, "तारा दोन वरसं इचारतीया, माझं माणूस कोण. ही हाय. तू दीड महिन्याचा हुतास. मला ताप आला, दूध आटलं. हिचं लेकरू जाऊन आठ दिस झालतं. हिनं तुला पदराखाली घेतलं. अकरा महिनं. तू पहिल्यांदा आई म्हणालास ते हिला. मला सोसलं न्हाय. मी दुसऱ्या दिशी तुला उचललो आन् हितं आणलो. हिला इचारलं न्हाय, सांगितलं न्हाय. हिनं वरसाला तांदूळ पाठवला आन् मी एक सबूद कधी बोललो न्हाय. आज बोलालोय."

एका दमात बोलली. तारानं बापाचा हात हलवला. "बाबा, आजी काय म्हणाली?" मुलांना एवढं गावाकडचं मराठी समजत नव्हतं. विजय इंग्रजीत सांगायला लागला. आजी आजारी होती तेव्हा या आजीनं मला, इथवर आला आणि थांबला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, पुन्हा तिथंच थांबला. शेवटी प्राचीनं दोन्ही मुलांना जवळ ओढलं आणि राहिलेलं हळू आवाजात सांगितलं. आक्का तेवढा वेळ लेकाच्या तोंडाकडं बघत होती. विजय ताटाकडं.

थोरली म्हणाली, "कशाला काढलीस हे? पोरं जेवायची हायत." मग विजयकडं वळली. "तिचं काय ऐकू नको, बाबा. मी कुठलं उपकार केलं? पोर गेली, पर दूध कुठं जाणार? छाती दगडागत झालती. ताप चढलता. सासू म्हणाली, ही बी जाती आता. तू प्यालास म्हणून मी ऱ्हायलो. उपकार आसलं तर तुझं हायत."

मग ती आक्काकडं वळली.

"आन् तू न्हेलंस म्हणशील तर, वाईट केलंस ते. न्हेणारच हुतीस, तुझंच हुतं. पर सांगून न्ह्यायचं हुतंस. मी त्याचं अंगडं धुवून वाळत घातलं हुतं."

"व्हय," आक्का म्हणाली. "चुकलं माझं."

पस्तीस वर्षांत तिच्या तोंडून हे दोन शब्द मी ऐकले नव्हते. मला रडू आवरेना, कांद्याचं निमित्त करायलाही काही उरलं नव्हतं. थोरलीनं भाताचा घास घेतला, चावला. "ह्यो आपलाच तांदूळ दिसतोय."

"व्हय."

"जुना हाय."

"गेल्या सालचा," आक्का म्हणाली, आणि तिनंही एक घास घेतला.

साडेचारची गाडी चुकली. थोरली राहिली. विजय त्या दिवशी आईशी एक शब्द बोलला नाही. रागावला होता की काय, कुणाला कळत नव्हतं. गच्चीवर एकटाच जाऊन बसला, अंधार पडल्यावर खाली आला. आक्का भांडी घासत राहिली. घासलेली भांडी पुन्हा घासली तिनं. मी जायला निघाले तेव्हा म्हणाली, "गेला काय गं माझा लेक?" मी काय सांगणार! मुलं बोलतात हळूहळू, असं काहीतरी म्हटलं आणि आले.

सकाळी मी पिशवी परत द्यायला गेले तर थोरलीची निघायची तयारी चाललेली. विजय म्हणाला, "मी गाडी करून पोचवून येतो. संध्याकाळपर्यंत परत." आक्का म्हणाली, "संध्याकाळी न्हाय. दोन दिस ऱ्हाऊन ये."

मंगळवारी त्यांचं विमान होतं. लेकाचे तीनच दिवस तिच्या वाट्याला उरले होते. प्राची म्हणालीसुद्धा, "आई, अहो, मग तुमच्याजवळ..."

"ठावं हाय मला."

विजयनं आदल्या दिवसापासून पहिल्यांदा आईकडं नीट बघितलं. "मग तूही चल."

"मी न्हाय. तू जा. तिच्या घरात नीज. ती वाढंल ते खा."

रविवारी मी लेकीच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेले ती एप्रिलपर्यंत तिकडंच अडकले, आणि तोवर आक्का एका दुपारी बसल्या जागी गेली. त्यामुळं आक्काला मी नीट बघितलं ते त्या शनिवारी स्टँडवर, ते शेवटचं. थोरलीला मोटारीत मळमळतं, तिला एसटीच हवी होती. म्हणून चौघं रिक्षानं गेलो. आजऱ्याची गाडी लागलेली होती. विजयनं थोरलीला खिडकीजवळ बसवलं, पिशवी मांडीवर दिली. मग पुन्हा खाली उतरला. आईच्या समोर उभा राहिला. ती त्याच्याकडं बघतही नव्हती.

"आई, सोमवारी येतो," तो म्हणाला. "येतोच."

आक्कानं मान हलवली. गाडी सुटली, फाटकातनं बाहेर पडली, वळली. मी म्हटलं, "चल आक्का, रिक्षा थांबलीय."

ती हलली नाही. गाडी दिसेनाशी झाली तरी तिकडंच बघत उभी.

"थांब की जरा," ती म्हणाली. "त्या दिशी ती फाट्यावर पळत आलती. मी विजूला घेऊन गाडीत बसलोतो. कंडक्टर म्हणाला, बाई, मागनं कोण तरी हात करालंय, गाडी थांबवू काय? मी म्हटलं, माझं कोण न्हाय ती, जाऊ दे."

मी रिक्षावाल्याला जा म्हणून सांगितलं आणि तिच्याजवळ जाऊन उभी राहिले.